अर्ध्या वाटेवरचे गाव : काउतोकेइनो आणि एका सीमारेषेचा इतिहास

मराठी वाचकाची नॉर्वेशी ओळख बहुतांशी इब्सेनमुळे झाली. अनंत काणेकरांनी ‘डॉल्स हाउस’चे ‘घरकुल’ केले आणि नोराचा प्रश्न आपल्या दिवाणखान्यात आणून ठेवला. त्या नाटकांतला नॉर्वे किनाऱ्यावरच्या लहान शहरांचा आहे. बँकेचे व्यवस्थापक, डॉक्टर, पाद्री, कर्जाचे कागद आणि बंद दारे हे त्याचे जग. १८५२ साली हा इब्सेन चोवीस वर्षांचा होता आणि बर्गनच्या नाट्यगृहात उमेदवारी करीत होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच देशाच्या उत्तर टोकाला, बर्फाने झाकलेल्या पठारावरच्या एका खेड्यात, काही माणसांनी एका व्यापाऱ्याला आणि एका सरकारी अंमलदाराला ठार मारले. त्या माणसांची भाषा नॉर्वेजियन नव्हती. ज्या राज्याच्या कायद्याने पुढे त्यांचा शिरच्छेद केला, ते राज्य त्यांच्या पूर्वजांच्या दारी जेमतेम शंभर वर्षांपूर्वी आलेले होते.

त्या खेड्याचे नाव काउतोकेइनो. त्याचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. दूरच्या देशातील एक नवल म्हणून त्याकडे पाहण्यात आम्हांस रस नाही. जमीन कोणाची, या प्रश्नाला आधुनिक राज्य जे उत्तर देते ते कोठे अपुरे पडते, हे या एका गावाच्या कहाणीतून फार स्पष्टपणे दिसते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम भूगोल. काउतोकेइनो ही नॉर्वेतील क्षेत्रफळाने सर्वांत मोठी नगरपालिका. नॉर्वेत ‘नगरपालिका’ या शब्दाने शहरच सूचित होते असे नाही. स्थानिक स्वराज्याचे ते सर्वांत खालचे एकक, आणि येथे तर ते पूर्णपणे ग्रामीण आहे. क्षेत्र सुमारे ९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे लेबनॉन या देशाहून थोडेसेच कमी; लोकवस्ती मात्र तीन हजारांच्या आत. फिनमार्क प्रांताच्या अंतर्भागातील फिनमार्कस्विद्दा या पठारावर ती पसरलेली आहे. दक्षिणेस फिनलंडची सीमा, पूर्वेस काराशोक, उत्तरेस आल्टा. नॉर्वे म्हटले की जो समुद्र आणि जे फ्योर्ड डोळ्यांपुढे येतात, त्यांतले येथे काही नाही. बुटक्या बर्चची विरळ झाडी, दलदल, हजारो तळी, आणि उत्तरेकडे वाहत जाणारी एक नदी. ही नदी मासी गावावरून जाते, पुढे एका खोल घळईत शिरते आणि आल्टाजवळ समुद्राला मिळते. आर्क्टिक वृत्ताच्या बरेच उत्तरेस असल्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. हिवाळ्यात पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरतो.

असल्या ठिकाणी माणसाने राहावे तरी का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. उत्तर रेनडिअरच्या पोटात आहे. हिवाळ्यात रेनडिअर बर्फ खुरांनी उकरून खालचे दगडफूल खातो. समुद्रकाठी हवा दमट. बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि जमिनीवर काचेसारखा थर बसतो. तो फोडणे जनावराला जमत नाही. पठारावर मात्र थंडी कडक आणि कोरडी, हिमवर्षाव बेताचा, बर्फ भुसभुशीत. त्यामुळे खालचा चारा हाती लागतो. उन्हाळ्यात चित्र उलटते. पठारावर डासांचे आणि माश्यांचे थवे उठतात, आणि जनावरांना किनाऱ्यावरचा वारा व कोवळे गवत हवे असते. म्हणून वसंतात कळप उत्तरेकडे समुद्राकडे जातात आणि शरदात परत पठारावर येतात. माणसे कळपामागून जातात. सामी भाषेत या गावाचे नाव ग्वोव्दागेआइद्नू. ‘ग्वोव्दा’ म्हणजे मध्य, ‘गेआइद्नू’ म्हणजे वाट. वाटेच्या मध्यावरचे गाव, अर्ध्या वाटेवरचा मुक्काम. काउतोकेइनो हे त्याचे फिनिश वळणाचे रूप, आणि नॉर्वेजियन कागदोपत्री तेच रूढ झाले.

गावाचे नाव वाटेवरून पडावे, ही गोष्ट साधी नाही. शेतकऱ्याच्या जगात गाव स्थिर असते आणि वाट गावाला येऊन मिळते. येथे वाट आधी आणि गाव नंतर. चार-दोन कुटुंबे मिळून जो कळप राखतात त्या गटाला ‘सीदा’ म्हणतात. सीदाची मालकी कुंपणाने ठरत नाही. कोणत्या ऋतूत, कोणत्या दरीतून, कोणाच्या मागोमाग जायचे, याची पिढ्यांची समजूत हाच तेथील जमीनविषयक कायदा होता. भाषेवरही याची मुद्रा आहे. सामी भाषेत ‘गुओह्तुन’ असा एक शब्द आहे. बर्फाखालचा चारा जनावराला कितपत मिळू शकतो, त्या स्थितीचे तो नाव आहे. चारा आहे की नाही एवढ्याने भागत नाही. मधल्या बर्फाची अवस्थाही त्याच शब्दात आली पाहिजे. ज्या हिवाळ्यात जमिनीवर बर्फाचा कठीण थर धरतो आणि कळप उपाशी मरतात, त्याला ‘गोआव्वी’ म्हणतात. आपल्याकडे दुष्काळाला जो अर्थ आहे तो या शब्दाला आहे, फरक इतकाच की येथे पाणी कमी पडत नाही. ते चुकीच्या वेळी गोठते.

आता राज्यसंस्थेकडे येऊ. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पठारावर कोणा एका राज्याची निर्विवाद सत्ता नव्हती. डेन्मार्क-नॉर्वे, स्वीडन आणि रशिया या तिन्ही सत्तांचे वसुली अंमलदार उत्तरेच्या प्रदेशात फिरत आणि एकाच सामी कुटुंबाला एकाहून अधिक राजांना कर भरण्याची वेळ येई. काउतोकेइनो स्वीडनच्या बाजूला मोडत असे. येथील पहिले चर्च १७०१ साली उभे राहिले ते स्वीडिश अमलातच. पुढे दोन्ही राज्यांनी सीमा आखण्याचे ठरविले. डेन्मार्क-नॉर्वेच्या वतीने पेटर श्निट्लर या अधिकाऱ्याने १७४०च्या दशकात गावोगाव साक्षी नोंदविल्या आणि अखेर १७५१ साली स्ट्रोमस्टाड येथे तह झाला. या तहान्वये काउतोकेइनो डेन्मार्क-नॉर्वेकडे आले.

या तहाला एक पुरवणी जोडलेली होती, तिला ‘लॅप कोडिसिल’ म्हणतात. तिची कलमे तीस. आमच्या मते युरोपातील सीमा-करारांच्या इतिहासात हा एक विलक्षण कागद आहे. सीमा आखणाऱ्या दोन राजांनी त्यात मान्य केले की, सामींना पूर्वापार रिवाजानुसार वसंतात आणि शरदात आपल्या कळपांसह सीमा ओलांडण्याची मुभा राहील, कारण त्यांना दोन्ही बाजूंची जमीन लागते. सामी माणसाने एका राज्याचे प्रजाजनत्व पत्करावे, कर एकदाच भरावा, पलीकडच्या चराईसाठी अल्प मोबदला द्यावा. आणि दोन राज्यांत युद्ध जुंपले तरी त्याच्या वाटेला धक्का लागू नये. अर्थात यात राजांचे औदार्य शोधण्याचे कारण नाही. या माणसांवाचून हा मुलूख करापुरताही उपयोगाचा नाही, हे उभयपक्षी माहीत होते. तरीही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की रेषा आखणाऱ्यांनीच रेषेच्या आधी असलेली वाट लेखी मान्य केली होती.

शंभर वर्षे ही व्यवस्था कशीबशी टिकली. मधल्या काळात नकाशा बदलला. १८०९ साली फिनलंड स्वीडनच्या हातून रशियाच्या झारकडे गेला. १८१४ साली नॉर्वे डेन्मार्कपासून सुटून स्वीडनच्या राजाशी जोडला गेला. म्हणजे काउतोकेइनोच्या दक्षिणेची सीमा आता रशियन साम्राज्याची सीमा झाली. त्या सीमेपलीकडच्या जंगलांत काउतोकेइनोचे अनेक कळप हिवाळा काढीत. तर फिनलंडकडील लोकांना नॉर्वेच्या किनाऱ्यावर मासेमारीसाठी यायचे असे. दोन सरकारांच्या वाटाघाटी फिसकटल्या आणि सप्टेंबर १८५२ मध्ये झारच्या आज्ञेने ही सीमा कळपांना बंद झाली. नकाशावरची रेषा जमिनीवर उतरली ती त्या दिवशी. ज्यांची हिवाळी चराई पलीकडे होती त्यांच्यापुढे दोन पर्याय उरले: अलीकडच्या आधीच भरलेल्या कुरणांत दाटीवाटी करणे, किंवा प्रजाजनत्व बदलून स्वीडनच्या बाजूला जाणे, कारण स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधली सीमा कळपांना १८८९ पर्यंत खुली होती. पुढच्या वर्षांत अनेक कुटुंबांनी दुसरा मार्ग धरला.

याच सुमारास गावात दुसरी एक खळबळ चालू होती. स्वीडनच्या कारेसुआंदो येथील पाद्री लार्स लेवी लेस्ताडियुस हा मोठा व्युत्पन्न माणूस, वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनही ख्यातनाम. १८४०च्या दशकात त्याने पश्चात्तापाची आणि दारूबंदीची एक तीव्र धर्मचळवळ उभी केली. सामी समाजात दारूने घातलेला धुमाकूळ पाहता तिला प्रतिसाद मिळाला यात नवल नाही. दारूची विक्री व्यापारी करीत. उधारीच्या वहीत कळपामागून कळप जमा होत. चळवळ काउतोकेइनोत पोहोचली तेव्हा तिला एक वेगळेच वळण लागले. काही अनुयायी स्वतःला पवित्र आणि पाद्र्यांना पतित मानू लागले. १८५१ साली किनाऱ्यावरच्या शेर्वोय येथे त्यांनी चर्चमधील उपासना उधळली. त्यावरून खटले झाले, तुरुंगवास झाला, आणि खटल्याचा खर्च दोषींच्या माथी बसला. तो फिटला तो अर्थातच रेनडिअर विकून. काउतोकेइनो वेगळी नगरपालिका झाली तीही याच १८५१ साली. म्हणजे राज्य, चर्च, बाजार आणि न्यायालय ही चारही अंगे एकाच पिढीत, जवळजवळ एकाच वेळी, या अर्ध्या वाटेवरच्या मुक्कामावर येऊन थडकली होती.

८ नोव्हेंबर १८५२ रोजी सुमारे ३५ जणांचा जमाव गावात शिरला. त्यात पुरुष, स्त्रिया आणि मुलेही होती. अग्रभागी अस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी हे दोघे होते. एलेन स्कुम ही स्त्रीही प्रमुखांपैकी एक होती. त्यांनी व्यापारी कार्ल योहान रुथ आणि लेन्समन, म्हणजे स्थानिक पोलीस अंमलदार, लार्स योहान बुख्ट यांना ठार मारले, व्यापाऱ्याचे घर जाळले आणि पाद्री ह्वोस्लेफ याला व इतर काहींना चाबकाचे फटके दिले. हा उठाव एका दिवसाच्या आत मोडला. तो मोडण्यासाठी सैन्य आले नाही. शेजारच्या आव्जी वस्तीवरचे सामी लाकडे-काठ्या घेऊन धावून आले आणि त्यांनी बंडवाल्यांना बांधून घातले. त्या झटापटीत बंडवाल्यांपैकी दोघे दगावले.

१४ ऑक्टोबर १८५४ रोजी आल्टा येथे अस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी यांचा शिरच्छेद झाला. आणखी काहींची मृत्युशिक्षा जन्मठेपेत बदलली गेली. धडे कोफ्योर्डच्या चर्चजवळ पुरण्यात आली. शिरे मात्र राजधानीच्या विद्यापीठात पाठवली गेली, कारण त्या काळच्या शरीरशास्त्राला मानववंशांच्या कवट्या मोजण्याचा छंद जडला होता. कवट्या संग्रहात राहिल्या. त्यांतली हेत्ताची तर देवघेवीत कोपनहेगनला जाऊन पोहोचली. वंशजांनी अनेक वर्षे मागणी केल्यानंतर १९९७ साली दोन्ही कवट्या कोफ्योर्ड येथे दफन करण्यात आल्या. शिरच्छेद आणि दफन यांत एकशे त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. न्यायालयाने दिलेली शिक्षा एका क्षणात संपली. विद्येच्या नावाने दिलेली शिक्षा चालू राहिली.

या उठावाचा अर्थ कसा लावावा? फार काळ नॉर्वेजियन इतिहासात तो धर्मवेडाचा उद्रेक म्हणून सांगितला गेला. एकदा ‘वेड’ म्हटले की कारणे शोधण्याची जबाबदारी उरत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृष्टी पालटली. दारूचा व्यापार, कर्ज, बंद झालेली सीमा, परकी न्यायव्यवस्था यांचा संबंध अभ्यासक जोडू लागले. काउतोकेइनोतच जन्मलेले दिग्दर्शक निल्स गौप यांनी २००८ साली या घटनेवर चित्रपट काढला आणि त्यात हाच अर्थ लोकांपुढे ठेवला. आम्हांस हे दुसरे वाचन अधिक सत्याजवळचे वाटते, पण तेही सरळ गिळावे असे नाही. ज्यांनी उठाव मोडला ते सामीच होते, हे त्यात बसवणे अवघड जाते. चाबूक उगारणाऱ्यांना आपण सामी म्हणून लढत आहोत असे वाटत होते, की देवाचे निवडलेले म्हणून? उपलब्ध कहाणीत दुसरी भाषा ठळक आहे. पीडितांना भाषा नेहमी हवी ती मिळत नाही. जी हाताशी असते तिच्यातून ते बोलतात. काउतोकेइनोच्या त्या माणसांच्या हाताशी पश्चात्तापाची आणि न्यायाच्या दिवसाची भाषा होती. तिने त्यांना दारूपासून सोडवले आणि तिनेच त्यांच्या हातून दोन खून करविले. यांतली एक बाजू गाळून दुसरी सांगणे म्हणजे त्या माणसांना पुन्हा एकदा कवटीसारखे मोजणे होय.

या शोकांतिकेतून वाङ्मय निर्माण झाले, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. बंडवाल्यांपैकी लार्स हेत्ता हा घटनेच्या वेळी अवघा अठरा वर्षांचा. त्याची मृत्युशिक्षा जन्मठेपेत बदलली. राजधानीतल्या तुरुंगात असताना भाषाशास्त्रज्ञ फ्रीस यांच्या संपर्कातून त्याने बायबलच्या सामी अनुवादाचे काम केले, आणि आन्देर्स बेर या सहकैद्याप्रमाणे स्वतःच्या आठवणीही लिहून ठेवल्या. १८६७ साली तो सुटला. संपूर्ण सामी बायबल १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे नाव योहान तूरी याचे. शिरच्छेदाच्याच वर्षी, १८५४ मध्ये, तो काउतोकेइनोत जन्मला. सीमा बंद झाल्यामुळे त्याचे कुटुंब स्वीडनच्या बाजूला गेले. १९१० साली त्याचे ‘मुइतालुस सामीद बिर्रा’, म्हणजे ‘सामींविषयीची कथा’, हे पुस्तक डॅनिश अभ्यासक एमिली देमान्त हिच्या साहाय्याने, डॅनिश अनुवादासह, प्रसिद्ध झाले. एका सामी माणसाने सामी भाषेत लिहिलेले हे पहिले लौकिक पुस्तक मानले जाते. कळप कसे राखावे, मुले कशी वाढवावी, लांडगे कसे ओळखावे, रोगांवर काय करावे, हे सारे त्यात आहे; काउतोकेइनोच्या उठावाची हकिगतही आहे. सरकारला आपले जीवन कळत नाही याचे कारण आपण ते नीट सांगितलेले नाही, अशी तूरीची धारणा होती. तेच सांगण्यासाठी त्याने लेखणी धरली. सीमेने उठवलेल्या कुटुंबातल्या माणसाने या भाषेच्या गद्याचा पाया घालावा, यावर अधिक भाष्य नको.

कुटुंबे आणखी दूरही गेली. अलास्कात रेनडिअरपालन रुजवण्यासाठी अमेरिकन सरकारने १८९४ साली सामी कळपवाले नेले, त्यांत काउतोकेइनोची माणसे होती. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला ज्याला ‘नॉर्वेजियनीकरण’ म्हणतात ते धोरण आले. १८९८च्या परिपत्रकाने शाळांत नॉर्वेजियन हेच माध्यम ठरले. सामी भाषेला समजावणीपुरती, तीही नाइलाजाची, जागा उरली. १९०२च्या कायद्यान्वये फिनमार्कमधील सरकारी जमीन विकत घ्यायची तर नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येणे आणि रोजच्या व्यवहारात ती वापरणे आवश्यक झाले. म्हणजे भाषा बदला आणि जमीन घ्या. किनाऱ्यावरच्या अनेक सामी गावांत दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली. काउतोकेइनोत ती टिकली. तेथे ती बहुसंख्यांची होती, आणि कळपाच्या कामात नॉर्वेजियनचा उपयोग नव्हता. ‘गुओह्तुन’ला दुसऱ्या भाषेत शब्दच नसेल तर धंदा त्या भाषेत कसा करणार?

१९४४च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क जाळत नेले. लोकांना सक्तीने हलविण्यात आले. काउतोकेइनोचे चर्चही त्यात जळाले. आजचे लाल लाकडी चर्च १९५८चे. सामी संस्कृतीची जुनी इमारत या मुलखात क्वचितच आढळते, याचे एक कारण हे, आणि दुसरे असे की, तंबूतल्या जीवनाने दगडी खुणा मुळातच थोड्या ठेवल्या होत्या. ‘येथे तुमचे काय आहे?’ या प्रश्नाला दाखवायला घर नसावे, हे सामींच्या वाट्याला आलेले मोठे संकट.

हा प्रश्न १९७० साली अगदी थेट विचारला गेला. आल्टा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याच्या मूळ आराखड्यात मासी हे अख्खे गाव पाण्याखाली जाणार होते. गावकऱ्यांनी पाहणीस आलेल्या लोकप्रतिनिधींना फलक घेऊन गाठले. १९७३ साली मासी वाचले. पण १९७८ मध्ये स्टॉर्टिंगने, म्हणजे नॉर्वेच्या संसदेने, लहान केलेला प्रकल्प मंजूर केला. त्यातही कळपांचे मार्ग आणि माशांची नदी धोक्यात होती. १९७९ साली स्टिल्ला येथे आंदोलकांनी रस्ता अडविला. त्याच ऑक्टोबरात काही सामी तरुणांनी ओस्लोत संसदेसमोर लाव्वू, म्हणजे त्यांचा पारंपरिक तंबू, उभारून उपोषण केले. आपल्या राजधानीच्या मधोमध तो तंबू पाहून कितीतरी नॉर्वेजियनांना पहिल्यांदाच जाणवले की आपल्या देशात दुसरे एक राष्ट्र राहते. जानेवारी १९८१ मध्ये सुमारे ६०० पोलिसांनी साखळ्यांनी स्वतःला बांधून घेतलेल्या आंदोलकांना उचलले. पुढच्याच महिन्यात सामी स्त्रियांच्या एका गटाने पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या कार्यालयात ठाण मांडले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. धरण झाले, आणि १९८७ साली वीजकेंद्र सुरू झाले.

लढाई हरली, असे म्हणावे लागेल. पण त्या पराभवातून जे निघाले ते अनेक विजयांतूनही निघत नाही. १९८० सालीच सामी हक्क समिती नेमली गेली होती. १९८७चा सामी कायदा, १९८८ची घटनादुरुस्ती आणि १९८९ साली काराशोक येथे सुरू झालेली सामेदिग्गी, म्हणजे सामी प्रतिनिधिसभा, ही तिची फळे. १९९० साली आदिवासी हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १६९ क्रमांकाचा करार मान्य करणारा नॉर्वे हा जगातला पहिला देश ठरला. १९९७ साली राजा हाराल्ड यांनी सामेदिग्गीत नॉर्वेजियनीकरणाबद्दल क्षमा मागितली. २००५च्या फिनमार्क कायद्याने प्रांताची सुमारे ९५ टक्के जमीन सरकारकडून एका स्थानिक मंडळाकडे दिली, आणि दीर्घकाळच्या वापरामुळे सामींना जमिनीवर हक्क प्राप्त झाले आहेत हे मान्य केले.

आजच्या काउतोकेइनोत या साऱ्याच्या खुणा आहेत. १९७३ साली येथे नॉर्डिक सामी संस्था स्थापन झाली, १९८१ साली ‘बेआय्व्वाश’ हे सामी नाट्यगृह, १९८९ साली सामी उच्चशिक्षण संस्था. १९८७ साली नगरपालिकेने सामी नाव अधिकृत करून घेतले. ते करणारी नॉर्वेतील ती पहिलीच. २०२४ साली नाट्यगृह आणि रेनडिअरपालनाची शाळा ‘चोआर्वेमात्ता’ नावाच्या एका नव्या वास्तूत एकत्र आली. नाट्य आणि पशुपालन यांचे एका छपराखाली येणे इतरत्र नवल वाटेल, येथे नाही. ईस्टरच्या सुमारास गाव गजबजते. कळप अजून पठारावर असतात, वसंतातला प्रवास सुरू व्हायचा असतो, सगळी माणसे एका जागी असतात. म्हणून लग्ने आणि नामकरणे त्याच आठवड्यात उरकतात. निळ्या-लाल ‘गाक्ती’ पोशाखांची गर्दी, योइक गायनाच्या स्पर्धा, रेनडिअरच्या शर्यती, चित्रपट. पर्यटकांना हा उत्सव वाटतो. मुळात तो दिनदर्शिकेचा एक व्यवहार आहे.

म्हणून सारे सुरळीत झाले असे समजू नये. कळप आज स्नो-स्कूटरने हाकले जातात, आणि त्यांची संख्या किती असावी हे सरकार ठरवते. कुरणे झिजू नयेत हा त्यामागचा हेतू; परंतु कपातीचा हुकूम लहान कळपाच्या तरुण मालकावर पडला तर त्याचा धंदाच बसतो. काउतोकेइनोतील कळपवाल्या कुटुंबातली चित्रकर्ती मारेत आन्ने सारा हिच्या भावाने असा हुकूम न्यायालयात नेला. डिसेंबर २०१७ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याच महिन्यात तिने संसदेसमोर ४०० रेनडिअरच्या कवट्यांचा पडदा टांगला. प्रत्येक कवटीच्या कपाळावर गोळीचे छिद्र होते. तो पडदा पुढे ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. शेजारच्या काराशोकमध्ये जमिनीची मालकी तेथील रहिवाशांचीच, असे २०२३ साली खास न्यायाधिकरणाने म्हटले होते. ३१ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि मालकी मंडळाकडेच ठेवली. हवामान बदलते आहे. ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो आणि ‘गोआव्वी’ हा शब्द पूर्वीपेक्षा अधिक वेळा उच्चारावा लागतो. जून २०२३ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाने आपला अहवाल संसदेला दिला, आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी संसदेने सामींची, क्वेनांची आणि वनवासी फिन लोकांची औपचारिक क्षमा मागितली.

क्षमेला किंमत आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु या गावाचा इतिहास वाचताना क्षमेपेक्षा १७५१ची पुरवणी मनात अधिक राहते. जमिनीवरचा हक्क सिद्ध करण्यासाठी कायदा नांगराची खूण मागतो, कुंपण मागतो, घराचा पाया मागतो. जो जमिनीवरून जातो आणि ती जशीच्या तशी मागे ठेवतो, त्याच्या हक्काला पुरावाच उरत नाही. त्याने जमीन जितकी जपली तितका त्याचा दावा दुबळा ठरतो. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी दोन राजांच्या मुत्सद्द्यांना या कोड्याचे उत्तर सापडले होते. मालकी कोणाची याचा निवाडा न करता त्यांनी वाट कोणाची ते लिहून ठेवले. पुढच्या सरकारांजवळ अधिक विद्या होती, अधिक नकाशे होते आणि अधिक चांगले हेतूही होते. त्यांना तेवढे एक कलम नीट पाळता आले नाही. यंदाच्या वसंतातही कळप पठारावरून समुद्राकडे जातील, आणि वाटेत धरणाचे पाणी, रस्ते व विजेच्या तारा चुकवीत जातील. त्या वाटेची नोंद कोणत्या वहीत करायची, हे काउतोकेइनोत अजून ठरायचे आहे.